दोन चमचे युरिया

माझ्या बोलण्यानं आजवर एकही पीक वाढलेलं नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. त्याआधी तीस वर्षं मी कृषी खात्यात होतो. आधी कृषी सहायक, शेवटी पर्यवेक्षक. देवळी, हिंगणघाट, सेलू असा फिरत फिरत मी जिल्ह्यातल्या कितीतरी समाजमंदिरांत आणि शाळांच्या व्हरांड्यांत उभा राहिलो आणि शेतकऱ्यांना माती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते लोक जन्मापासून मातीत होते आणि मी खुर्चीत, पण सांगायचो मीच. ते माना डोलवायचे. घरी गेल्यावर काय करायचे याची चौकशी मी कधी केली नाही. तशी रीतच नव्हती.

त्या ऐकणाऱ्यांत एकदा माझे बाबाही होते. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण ते सांगायला मला अजून थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

बाबा अल्लीपूरला एकटे राहायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबांचं वय चौऱ्याऐंशी धरायचं. शाळेत घालताना मास्तरांनीच ते अंदाजानं लिहिलं होतं. मागच्या पावसाळ्यात अंगणात शेवाळावरून त्यांचा पाय सरकला आणि डावं मनगट मोडलं. मी गाडी घेऊन गेलो आणि त्यांना देवळीला माझ्या घरी आणलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. ज्या दिवशी निघालं त्याच दिवशी संध्याकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "आता मले गावाले सोडून दे."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि भाषण दिलं. मुद्देसूद. पहिला मुद्दा वयाचा. दुसरा, पुन्हा पडलात तर कोण पाहणार. तिसरा, दवाखाना लांब. चौथा, शेत ठेक्यानं दिलेलं आहे, गावात आता तुमचं काम काय. पाचवा मुद्दा ऐन वेळी आठवला नाही म्हणून पहिलाच जरा आवाज चढवून परत सांगितला. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो." मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासून आले आणि म्हणाले, "मंग कवा सोडून देतं?"

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. ते पडले तेव्हा शेजारची बाई नेमकी अंगणात धुणं वाळत घालत होती म्हणून तिला हाक ऐकू गेली. ती तेव्हा शेतात असती तर? हा विचार मला दिवसातून चार वेळा यायचा. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. मुद्द्यांमध्ये ते बसत नव्हतं.

"मामाजींले करमत नाई इथं," बायको म्हणाली. "दिवसभर भिंत पाहत बसते. त्याईच्यासाठी काही तरी करा ना."

तिचं म्हणणं खरं होतं. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर ते बसायचे आणि समोर भिंत. टीव्ही लावून दिला तर पाच मिनिटांत म्हणायचे, "बंद कर बापा, हे सारे भांडूनच राह्यले." मग मला आठवलं, वर्ध्याला दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो तेव्हा तिथं काचेची मासोळ्यांची टाकी होती आणि दाढ ठणकत असताना मी पाऊण तास तिच्याकडे टक लावून बसलो होतो. ज्या गोष्टीपुढे दाढदुखी विसरते तिच्यापुढे अल्लीपूर काय चीज आहे! त्या समोरच्या भिंतीला टाकी लावायची. हिरवी झाडं, रंगीत मासोळ्या. बाबा गाव विसरतील. मी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि या विषयातला जाणकार झालो.

दुकान वर्ध्याला एका गल्लीत. चालवणारी पन्नाशीची बाई, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, हात कोपरापर्यंत ओले. तिनं विचारलं, "काका, पह्यल्यांदाच पाळून राह्यले का?"

"मी कृषी खात्यात होतो," मी म्हणालो. प्रश्नाशी याचा काही संबंध नव्हता, पण सवय.

तिनं समजावून सांगायला सुरुवात केली. टाकी आज न्या, पाणी भरा, फिल्टर चालू करा, झाडं लावा, आणि मासे महिन्याभरानं न्या. "पान्याले पह्यले तयार होऊ द्या, काका. घाई केली का मासे मरते." मला हसू आलं. दुकान मांडायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, माल महिन्यानं न्या! धंदा असा करतात होय? मग ती म्हणाली, झाडांसाठी खास माती मिळते, डब्यातली, तिच्यावर धुतलेल्या रेतीचा थर द्यायचा. इथं मात्र माझा पारा चढला.

"बाई, मातीचं मला सांगू नका," मी म्हणालो. "तीस वर्षं मी मातीच तपासली."

तिनं बिल लिहायला घेतलं. टाकी, फिल्टर, दिवा आणि पिशवीभर झाडं घेऊन मी बाहेर पडलो आणि गाडी देवळीकडे न वळवता थेट अल्लीपूरला नेली. बाबांच्या वावरात जाऊन दोन घमेली काळी माती खतांच्या रिकाम्या पोत्यात भरली. माझा हिशेब असा, की जी माती कपाशीच्या पऱ्हाटीला डोक्याएवढी वाढवते ती पाण्यातल्या चार पानांना कशी नाही वाढवणार? शिवाय बाबांना आपल्या वावराची माती रोज डोळ्यांसमोर दिसेल. विचार इतका सुंदर होता की परत येताना गाडीत मी एकटाच गाणं म्हणत होतो.

पोतं बाबांसमोर उघडलं. त्यांनी चिमूट उचलून बोटांत चुरली. "माह्या वावरातली?"

"हो."

"कायले आनली?"

"टाकीत घालायला. झाडांसाठी."

त्यांनी टाकीकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मिटताना मी स्पष्ट पाहिलं. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

आता जो माणूस काळ्या मातीत राहतो त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो: ही माती पाणी पिऊन फुगते, आणि तिचा बारीक कण पाण्यात गेला की खाली बसायचं नावच घेत नाही. हे मी स्वतः शिकवायचो. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून, हलवून, टेबलावर ठेवायचो आणि म्हणायचो, पाहा, दोन दिवस झाले तरी पाणी गढूळच. तीच बरणी मी आता अडीच फूट लांबीची करून घरात मांडली होती. तिसऱ्या बादलीला टाकीत काही म्हणजे काहीच दिसेना. आत लावलेला दिवा पावसाळ्यातल्या चंद्रासारखा कुठेतरी अंधुक जळत होता. बायको भाजी निवडता निवडता उठून आली, पाहिलं आणि म्हणाली, "नाल्याले पूर आला जनू."

चार दिवस पूर ओसरला नाही. शेवटी बायकोनं पिण्याच्या पाण्याला फिरवतात तसा तुरटीचा खडा फिरवला आणि दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. मग त्या मातीवर मी धुतलेल्या रेतीचा जाड थर दिला, जे त्या बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि झाडं खोचली. दिवा लावला. मला कबूल करायला हरकत नाही, ते फार छान दिसलं. पाण्यातून वर जाणारी हिरवी पाती, फिल्टरचे बुडबुडे. बाबा दिवाणावर सरसावून बसले.

"चांगलं दिसून राह्यलं," ते म्हणाले.

इथं आल्यापासून कशालाही चांगलं म्हणत त्यांनी स्वतःहून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मग मला महिनाभर थांबवणार होतं कोण? त्याच दुपारी वर्ध्याला गेलो. बाईनं विचारलं, "झाला का महिना?" मी म्हणालो, "होत आला." सहा दिवस झाले होते. बारा मासोळ्या घेतल्या, काही गप्पी, काही काळ्या, काही शेंदरी. घरी आणून सोडल्या तेव्हा बाबांनी वाकून पाहिलं.

"हे तं गप्पी. आपल्या गावात आरोग्यवाले हौदात फुकट सोडते, मच्छरासाठी."

"या वेगळ्या जातीच्या आहेत," मी म्हणालो. वेगळ्या नव्हत्या.

तरी ते पाहत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. एक शेंदरी मासोळी बाकीच्यांना सारखी हुसकावत होती, तिच्याकडे बोट दाखवून बायकोला म्हणाले, "हे सरपंच हाय याईची." दोन दिवस 'कवा सोडून देतं' हा प्रश्न घरात आला नाही. मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "पाहिलं?" ती पोळ्या लाटत राहिली. माझ्याशी तिचा संसार छत्तीस वर्षांचा आहे, 'पाहिलं?' म्हटल्यावर थोडं थांबायचं असतं हे तिला ठाऊक आहे.

सोमवारी झाडांची खालची पानं पिवळी पडलेली दिसली. आणि माझ्यातला पर्यवेक्षक जागा झाला. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली म्हणजे नत्राची कमतरता. हे मी झोपेतही सांगितलं असतं. नव्या जागी लावलेली पाण्यातली झाडं जुनी पानं टाकतात आणि मग नवीन फुटतात, इतकं साधं असेल असं मनातही आलं नाही. मागच्या अंगणात कुंड्यांसाठी डब्यात युरिया ठेवलेला असतो. चहाचा चमचा भरला आणि टाकीत सोडला.

गावोगाव मी काय ओरडायचो? की बाबांनो, युरिया म्हणजे शेव नाही, मूठ भरून वाढायला. पीक पिवळं दिसलं की आधी कारण शोधा, मग खत. आज टाकला आणि दोन दिवसांत हिरवं झालं नाही म्हणून पुन्हा टाकू नका. या शेवटच्या वाक्यावर लोक हसायचे, कारण प्रत्येकानं ते केलेलं असायचं. गुरुवारपर्यंत पानं हिरवी झाली नाहीत. मी दुसरा चमचा टाकला.

शुक्रवारी सगळ्या मासोळ्या पाण्याच्या वरच्या थरात आल्या आणि तोंडं उघडझाप करू लागल्या. "पाहा बाबा, कशा वर येऊन खेळून राह्यल्या," मी म्हणालो. बाबा म्हणाले, "हो." ते मासोळ्यांकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. हे मला नंतर आठवलं.

शनिवारी सकाळी बाराही मासोळ्या पाण्यावर आडव्या तरंगत होत्या. सरपंचही.

बायकोची सकाळची वंदना नुकतीच आटोपली होती. ती येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पंचशील म्हनाचं अन् बारा जीव घ्याचे." आमच्याकडे रविवारी मासे शिजतात, आणि त्यांच्या बाबतीत पंचशीलाची आठवण तिलाही येत नाही, मलाही येत नाही. हे मी तिला सांगणार होतो, पण तिचा चेहरा पाहून सांगितलं नाही. त्या रविवारी वरण-भातावर भागलं.

मासोळ्या मेल्या याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट दिवाणावर बसली होती. बाबांनी मला जाळीनं एकेक मासोळी काढताना पाहिलं आणि ते आत जाऊन गावाला निघाल्यासारखे धुतलेल्या धोतराची घडी घालू लागले. माझी तर तंतरली. मी तसाच गाडी काढून दुकानात गेलो. आजारी मासे दिले म्हणून बाईवर डाफरलो. नळाचं पाणी, वीज गेली होती ती, जे सुचलं ते सगळं सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकलं. "पान्यात काही टाकलं होतं का, काका?"

"नाही."

"दवाई? खत?"

"नाही. म्हणजे... थोडा युरिया."

तिनं दोन्ही ओले हात कपाळाला लावले. "युरिया! काका, त्याचा अमोनिया होते ना. अन् तुमी तं म्हनत होते, कृषी खात्यात होते."

युरियाचा अमोनिया होतो, हे मी तिच्या जन्माआधीपासून, म्हणजे तसं नाही, पण फार पूर्वीपासून शिकवत आलो आहे. फळ्यावर लिहून. शेतात तो पिकाला मिळतो आणि चार भिंतींच्या पाण्यात तो मासोळ्यांचे कल्ले जाळतो, एवढाच फरक. आणि तो फरक समजायला फळा लागत नव्हता. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. त्याला हसू आवरेना. मी तिथून निघालो तेव्हा माझे कान गरम झाले होते.

घरी आलो. बाबा दिवाणावर बसले होते, समोर रिकामं पाणी. मी त्यांच्याजवळ बसलो आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पाण्यात दोष होता."

"युरियाचा," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"दोनदा टाकला तू. सोमवारी अन् गुरुवारी. चाच्या चमच्यानं."

"तुमी पाहून राह्यले होते? मंग बोलले काऊन नाई?"

बाबांनी जराही टोमणा न मारता, जसं आहे तसं सांगितलं. "तू सायेब हायेस. मले वाटलं, तुले मालूम असन."

आता ते सांगायलाच हवं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अल्लीपूरच्या समाजमंदिरात माझी सभा होती. माझंच गाव, माझीच माणसं, म्हणून मी जरा जास्तच फुलून बोलत होतो. कपाशीला युरिया कधी द्यायचा, याची तारखेनुसार यादी वाचत होतो. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. मागच्या रांगेतून बाबा उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "पन वावरात ओलच नाई, तं युरिया टाकून काय फायदा?" प्रश्न बरोबर होता. कोरड्या जमिनीत युरिया वाया जातो. पण माझ्या यादीत तारीख होती, ओल नव्हती. आणि प्रश्न विचारणारा माझा बाप होता, सगळ्या गावासमोर. मी म्हणालो, "तुमी बसा खाली. तुमाले यातलं काय समजते?" लोक हसले. बाबा बसले. त्या दिवसानंतर शेतीबद्दल, किंवा खरं तर कशाहीबद्दल, त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. मी सांगायचो आणि ते 'हो' म्हणायचे. इतकी वर्षं मी त्याला पटणं समजत होतो.

माझ्याच्यानं मान वर होईना. मला माझी लाज वाटली, साधी, उघडी लाज. मी म्हणालो, "बाबा, आता काय करू?"

मला वाटतं, हा प्रश्न मी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतो. ते गोंधळलेच. "मले काय मालूम? मी मासोळ्या खाल्ल्या, पाळल्या नाई." मग जरा विचार करून म्हणाले, "त्या दुकानवाल्या बाईले मालूम असन. तिले इचार. अन् ते सांगते तसं कर."

सोमवारी मी त्यांना घेऊनच दुकानात गेलो. बाई आधी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहून म्हणाली, "हे कोन?" मी म्हणालो, "माझे वडील. यांना सांगा, मी ऐकतो." तिनं बाबांना स्टूल दिलं आणि सांगितलं. पाणी सगळं बदला. रेती हलवू नका. आणि मग तिनं चालू टाकीतला फिल्टरचा घाण स्पंज काढून एका पिशवीत पिळला. काळंशार पाणी. हे तुमच्या फिल्टरमध्ये टाका, म्हणाली, यातले जंतू अमोनिया खातात, ते वाढायला महिना-सव्वा महिना लागतो. बाबांनी पिशवी मांडीवर धरून आणली. घरी बायकोनं ती पाहिली, ऐकून घेतलं आणि एका शब्दात प्रकरण मिटवलं: "म्हनजे विरजन." नत्रचक्र मी तीस वर्षं बाणांच्या आकृत्या काढून शिकवलं होतं.

बाईनं पाणी तपासायचा संचही दिला. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. रोज सकाळी मी नळी भरायचो आणि बाबा ती खिडकीच्या उजेडात धरून पाहायचे. पहिल्या आठवड्यात गडद हिरवी. "वाटाना," बाबा म्हणायचे. टाकीत मासोळी एक नव्हती, तरी ते बसून राहायचे. झाडांबरोबर कुठून तरी एक गोगलगाय आली होती. दुपारी मी झोपून उठलो की मला बातमी मिळायची, "आज इथून त्या कोपऱ्यापावतर गेलती, अन् वापस आली." झाडांना नवी पानं फुटली, कुणी काही न टाकता. आणि बाबा बोलू लागले. वावरातल्या विहिरीत ते पोहायला कसे शिकले ते सांगितलं. आईला मासोळ्यांचा रस्सा कसा जमायचा नाही आणि ते तिला कसं सांगता यायचं नाही, तेही सांगितलं. मी मध्ये बोललो नाही. जीभ चावून चावून बसलो, पण बोललो नाही.

मग एका सकाळी नळी खाली ठेवत ते म्हणाले, "मासोळ्या येऊ दे. त्या खेळताना पाह्यतो, अन् मंग जातो गावाले."

पाचव्या आठवड्यात नळी पिवळी झाली. स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. बाबा आंघोळीला गेले होते. मी नळी पाहिली, मोरीत ओतली आणि ते आल्यावर म्हणालो, "अजून हिरवट आहे." दुसऱ्या दिवशीपासून मी लवकर उठून, ते जागे व्हायच्या आत तपासणी उरकू लागलो. सहावा आठवडा गेला. सातवा गेला. दुकानवाल्या बाईचा फोन आला, काका, अजून कसं नाही झालं पाणी? मी म्हणालो, देवळीचं पाणी जड आहे. ज्या माणसाला महिनाभर धीर धरवला नव्हता तो आता दोन महिने रिकाम्या टाकीची राखण करत बसला होता. बायको माझ्याकडे पाहायची आणि कामाला लागायची. तिला सगळं कळत होतं. आमच्या घरात सगळ्यांना सगळं कळत असतं, फक्त मला वाटत असतं की मी लपवलं.

एक दिवस सकाळी उठलो तर बाबा माझ्या आधी उठलेले. टाकीजवळ स्टुलावर बसले होते. नळी त्यांच्या हातात होती, थेंबही त्यांनीच टाकले होते.

"पिवळी हाय," ते म्हणाले.

मी नळी घेतली. खिडकीकडे गेलो. "थोडी हिरवट..."

"पिवळी हाय. अन् पंधरा दिवसांपासून पिवळी हाय. तू झोपला का दुपारी मी पाह्यतो."

मी नळी उगाच पुन्हा उजेडात धरली.

"मासोळ्या आल्या का मी जाईन, म्हून नाई आनून राह्यला ना तू?"

मी मान डोलावली. साठी उलटलेला माणूस, हातात पिवळं पाणी घेऊन.

बाबा थोडे चिडलेच. "अरे, मंग राहा म्हनाचं ना! प्लास्टर निघालं तवापासून वाट पाहून राह्यलो, आता म्हनते, मंग म्हनते. तू म्हनला का वय झालं, दवाखाना दूर हाय, वावर ठेक्यानं हाय. हे तं मले बी मालूम हाय. बाबा, राहा, असं एकदा तरी म्हनला का तू?"

नव्हतो म्हणालो. पाच मुद्द्यांत ते नव्हतं. पुन्हा तोंड उघडलं तेव्हाही आधी सवयीनं 'कारण' हाच शब्द जिभेवर आला. तो मी गिळला.

"बाबा, राहा," मी म्हणालो. "मले भेव लागते."

बाबांनी टाकीकडे पाहिलं. गोगलगाय काचेवर मध्येच थांबली होती.

"राह्यतो," ते म्हणाले. "जा, मासोळ्या आन. अन् आता पान्यात काही टाकाचं असन तं पह्यले मले इचारजो."